कानासाठी लिहिताना

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आरती झाल्यावर आणि प्रसाद वाटण्याआधी वक्त्याला उभे करायचे, ही आपल्या मंडळाची जुनी खोड आहे. खिरापतीचा वास आम्हालाही येतो आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

आम्ही चौघे या स्मरणिकेत आणि इथल्या वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांत बरीच वर्षे कथा लिहीत आलो. अंक घरी आला की आपली कथा आपणच दोनदा वाचायची आणि अंक कपाटात ठेवायचा, असा क्रम. तीन वर्षांपूर्वी पणजी आकाशवाणीवर मराठी कथा वाचण्याचे बोलावणे आले. आल्तिनोची चढण चढताना मनात एवढेच, की लिहिलेले आहेच, वाचून यायचे.

पहिल्याच दिवशी कळले, की आमच्या कथा मोठ्याने वाचता येत नाहीत. एकाचे पहिले वाक्य साडेचार ओळींचे होते. मराठीत क्रियापद शेवटी येते. तोपर्यंत ऐकणाऱ्याने कर्ता, कर्म आणि मधले दोन-चार 'जो-तो' हातात धरून ताटकळत उभे राहायचे. वाचक मागच्या ओळीवर जाऊ शकतो, श्रोता कसा जाणार? अवतरणचिन्हे ऐकू येत नाहीत, कंस तर नाहीच नाही. दुसऱ्याने 'वर सांगितल्याप्रमाणे' असे वाचले आणि काचेपलीकडच्या बाई हसू लागल्या. वर म्हणजे कुठे, छपरावर? तिसऱ्याच्या कथेत सुमन, सुमती आणि सुषमा अशा तीन जावा होत्या. कागदावर त्या वेगळ्या दिसत, कानाला एकच वाटत. मधलीची पार्वती करावी लागली.

दहा मिनिटांत आमच्या वेगाने हजारेक शब्द बसतात. कथा अडीच हजारांच्या. कापले ते मुख्यतः संध्याकाळींचे वर्णन, आणि ते गेल्याचे कुणालाही जाणवले नाही, हे थोडे लागलेच. बाकी मग हाताच्या सवयी: कागदांच्या पिना काढायच्या, पान उलटायचे नाही, अलगद बाजूला सरकवायचे. 'भ' आणि 'फ' माइकवर फुटतात, म्हणून तोंड किंचित तिरके धरायचे.

पण मजाही तिथेच सापडली. छापताना आम्ही तीन टिंबे देऊन जे साधू पाहत होतो, ते नुसते थांबल्याने साधते. म्हातारीचे वाक्य म्हातारीच्या चालीने म्हटले, की 'ती खिन्नपणे म्हणाली' हे लिहावेच लागत नाही. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर हे तिघे छापील कथेत नावाजलेले असूनही कथाकथनासाठी गावोगाव का हिंडत, ते आम्हाला तेव्हा उमगले. 'गीतरामायण' आठवा. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झाले, आठवड्याला एक नवे गीत, एकूण ५६. गदिमांनी ती कथा पात्रांच्याच तोंडून सांगितली आहे. कानाला माणूस लागतो, हे त्यांना ठाऊक होते. आणि खरे म्हणजे इतके लांब जायलाही नको. आपल्या देवळांतले कीर्तनकार पूर्वरंग-उत्तररंग करत हेच करत आले. आम्ही लहानपणी खांबाला टेकून ते ऐकले आणि लिहायला बसल्यावर विसरलो.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती आमच्यातल्या एकाची आहे. त्याच्या संमतीने सांगतो.

त्याची आई ८१ वर्षांची. अक्षरओळख नाही. बोलणे सगळे कोकणी, पण मराठी कानातून आत गेलेली: 'हरिविजय', 'पांडवप्रताप' पोथ्या ऐकून. तिच्यावर त्याने तीन कथा लिहिल्या. अंक आला की तो दाखवी, ती कपाळाला लावून देवघरात ठेवी. त्यांतली एक त्याने रेडिओवर वाचली. वडील गेल्यावर कुळागर विकावे लागले, तेव्हा आई दारात निमूट उभी राहिली, अशी ती कथा. ही कथा दोनदा छापून आली होती, आम्ही सगळ्यांनी वाखाणली होती. त्या 'निमूट' शब्दाला तर आम्ही विशेष दाद दिली होती.

आईने रेडिओ ऐकला. काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पेज वाढताना म्हणाली, मी गप्प नव्हते रे. तुझ्या काकांशी तीन दिवस भांडले. जेवलेही नव्हते. तू तेव्हा मुंबईला होतास, तुला कुणी सांगितले मी गप्प होते म्हणून?

त्याच्याकडे उत्तर नव्हते. कुणीच सांगितले नव्हते. छापील पानावर ती गप्प शोभून दिसत होती, इतकेच. आणि हे सांगायला तिला वीस वर्षे लागली, कारण तोपर्यंत मुलाने काय लिहिले आहे हे तिला कुणी वाचूनच दाखवले नव्हते. त्यानेही नाही. आम्हा उरलेल्या तिघांनी घरी जाऊन आपापल्या कथा आठवून पाहिल्या. कोणकोणाला गप्प उभे केले आहे, ते मोजले. आकडा सांगत नाही.

तो आता ती कथा पुन्हा लिहितो आहे. यंदाच्या स्मरणिकेत द्यायची म्हणत होता, पण झाली नाही. रात्री जेवणानंतर आई थोडे सांगते, तो लिहितो आणि लगेच वाचून दाखवतो. परवा पोफळींच्या आकड्यावर अडले. तिने त्याला थांबवले, बोटांवर पुन्हा मोजले आणि म्हणाली, ओहळापलीकडच्या अकरा राहिल्या. वाच परत पहिल्यापासून.