घरची शेळी आणि तिचा वंश

(नभोवाणीवरील भाषण)



शेळीविषयीं बोलावयाचें म्हटलें कीं सुशिक्षित माणसाच्या ओठांवर किंचित् हसूं येतें. गायीला आपण माता म्हणतों, म्हशीला धन म्हणतों. शेळीच्या वांट्याला मात्र ‘शेळी जाते जिवानिशीं आणि खाणारा म्हणतो वातड’ एवढी म्हण आली. निरुपयोगी माणसाला आपण ‘अजागळ’ म्हणतों, तो शब्दहि शेळीच्या गळ्याखालीं लोंबणाऱ्या कोरड्या स्तनांवरून आलेला आहे. पण गळ्याच्या स्तनांवरून शेळीची परीक्षा करूं नये. कांसेच्या स्तनांवरून करावी, आणि त्याहीपेक्षां तिच्या वंशावरून करावी, हेंच आज मला सांगावयाचें आहे.

१९१८ सालीं गांधीजी अत्यंत आजारी झाले. दूध न घेण्याचें त्यांचें व्रत होतें. व्रत घेतेवेळीं गाय व म्हैस यांचेंच दूध मनांत होतें, मग शेळीचें कां चालूं नये, असें कस्तुरबांनीं सुचविलें आणि गांधीजींनीं तें मानलें. पुढें १९३६ च्या डिसेंबरांत आमच्या खानदेशांतील फैजपुरास काँग्रेसचें अधिवेशन भरलें, तेव्हां शेळीचें दूध घेणारा हा महापुरुष आमच्या लोकांनीं डोळ्यांनीं पाहिला. परंतु घरच्या शेळीकडे डोळे उघडून पाहण्याची बुद्धि कांहीं आम्हांस झाली नाहीं.

आजकाल शहरांतील पुष्कळ कुटुंबें गांवच्या मळ्यावर चार शेळ्या ठेवाव्या असें म्हणूं लागलीं आहेत. त्यांना लहान चणीची, थोडें खाणारी, मुलांनाहि आवरतां येईल अशी दुभती शेळी हवी असते. अशी जात नाहीं असें नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील खुज्या शेळ्यांपासून अमेरिकेंत दुभत्या बुटक्या शेळ्यांची एक जात तयार झाली आहे. तिच्या दुधांत स्निग्धांश पुष्कळ असतो. आपल्या देशांत ही जागा बरबरी शेळीची आहे. आग्रा, मथुरा, इटावा या भागांत ती नांदते. आफ्रिकेंतील बर्बेरा बंदरावरून तिचें नांव पडलें असें मानतात. उंची सुमारें दोन फूट, वजन वीस-पंचवीस किलो, कान आंखूड व उभे. दावणीला बांधून खाण्यांत ती समाधानी असते, म्हणून शहरांतहि तिला लोक पाळीत आले. मथुरेजवळ मखदूम येथें १९७९ सालीं निघालेल्या केंद्रीय संस्थेंत तिच्यावर बराच अभ्यास झालेला आहे.

आतां एक सोपें गणित पाहूं. समजा, एक शेळी पंचेचाळीस किलोंची, रोज एक लिटर दूध देणारी. दुसरी पंचवीस किलोंची, पाऊण लिटर देणारी. पाहणारा पहिलीपुढें थांबेल. पण मोठ्या शेळीचा चारा दुसरीच्या दीडपटीहून अधिक लागतो आणि दूध मात्र सव्वापटीहून थोडेंच जास्त मिळतें. तेव्हां लहानपणा हा दोष नव्हे. परंतु लहानपणाचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांचा घोंटाळा करूं नये. एक लहानपणा जातीचा. दुसरा उपासमारीचा व हेळसांडीचा. आमच्या गल्लींतून हिंडणाऱ्या शेळ्या लहान दिसतात त्या बहुधा या दुसऱ्या प्रकारच्या.

हा दुसरा प्रकार कसा निर्माण होतो हें मी स्वतःच्या चुकीवरून शिकलों. शाळेंतून निवृत्त झाल्यावर मीं दोन शेळ्या घेतल्या. पहिल्या वेताचा एक गोंडस बोकड नातवाच्या आग्रहाखातर घरींच राहिला. वर्षभरांत त्याच बोकडापासून त्याची आई आणि बहीण गाभण राहिल्या. झालेल्या तीन करडांपैकीं दोन इतकीं अशक्त कीं आठवड्याच्या आंत गेलीं. नातवानें विचारलें, “आजोबा, त्यांना कोणता आजार झाला होता?” त्यांना आजार झाला नव्हता, आजोबांचें अज्ञान झालें होतें. बोकडपिल्लें चौथा महिना लागण्यापूर्वींच वेगळीं बांधावयास हवीं, आणि रक्ताच्या नात्यांत संबंध होऊं देतां कामा नये, एवढीहि दक्षता मीं घेतली नव्हती.

मग मी आजूबाजूस चौकशी करूं लागलों, तेव्हां याहून मोठी गोष्ट ध्यानीं आली. ज्याच्या घरीं उत्तम बोकड वाढतो तो त्याला बकरी ईदेच्या सुमारास विकतो. चांगला भाव येतो, मुलीचें लग्न असतें, दुकानदाराचें देणें असतें. त्याला दोष कोण देणार? पण मागें कोण उरतें? जो खुरटा, ज्याला गिऱ्हाईक नाहीं, तोच उरतो आणि गल्लींतील सर्व शेळ्यांचा तोच पति होतो. वर्गांतील पहिले दहा मुलगे दरवर्षीं काढून घ्यावे आणि उरलेल्यांतून शिक्षक नेमावे, तशांतला हा प्रकार. एक शेळी वर्षांत दोन-तीन करडें देते. एक बोकड पंचवीस-तीस शेळ्यांच्या करडांचा बाप होतो. म्हणून बोकडाची चूक ही साऱ्या गांवाची चूक होते.

तर मग निवड कशी करावी? प्रथम एक वही करावी. पंधरा दिवसांतून एके दिवशीं करडांना थानास न लावतां दोन्हीं वेळां धार काढावी, माप लिहावें व त्यांतूनच करडांना पाजावें. विण्याची तारीख, करडें किती, दूध किती दिवस टिकलें, हेंहि लिहावें. फलटणची निंबकर कृषि संशोधन संस्था १९६८ सालीं स्थापन झाली. तिनें उस्मानाबादी शेळ्यांविषयीं व राहुरीच्या कृषि विद्यापीठानें संगमनेरी शेळ्यांविषयीं शेतकऱ्यांच्या दारीं जाऊन अशा नोंदींचें काम केलें आहे. मोठ्या संस्था जें करतात त्याचें बीज म्हणजे हीच दोन आण्यांची वही.

बोकड निवडतांना त्याच्या शिंगांपेक्षां त्याच्या आईचें पान उघडावें. आणखी एक खुबी आहे. एकटें जन्मलेलें करडूं जुळ्यापेक्षां नेहमींच गुबगुबीत दिसतें, कारण त्याला सारें दूध एकट्याला मिळतें. नुसत्या नजरेनें निवडाल तर जुळीं देणारा वंश आपल्याच हातांनीं बाद कराल. म्हणून जुळ्यांतील बोकडाची तुलना जुळ्यांतील बोकडाशींच करावी. दर दोन वर्षांनीं बोकड बदलावा. दोन-चार शेळ्यांसाठीं स्वतंत्र बोकड परवडत नाहीं. तेव्हां पांच-सात घरांनीं मिळून एक ठेवावा आणि त्याच्या धन्याला ईदेच्या भावांतील नुकसान वर्गणीनें भरून द्यावें. हा माझ्या मतें सर्वांत स्वस्त सुधार आहे. बोकड मात्र दुभत्या शेळ्यांपासून दूर बांधावा. त्याचा उग्र वास दुधाला लागतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतों. शेळी पांच महिने गाभण असते. विण्यापूर्वीं दोन महिने तिला आटवावी. करडाला पहिल्या तासाभरांत चीक पाजावा. सुबाभूळ, शेवरी, बाभळीच्या शेंगा हा आपल्याकडील उत्तम चारा. औषध फवारलेल्या कपाशींत मात्र शेळी सोडूं नये. आंत्रविषार व पीपीआर यांच्या लसी पशुवैद्याकडून वेळच्या वेळीं टोंचून घ्याव्या. दूध नेहमीं उकळूनच घ्यावें, नाहींतर माल्टा तापाची भीति असते. वर्षाच्या आंतील बाळाला तें डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून देऊं नये. त्यांत फोलिक अम्ल फार कमी असतें.

आमचें पिंप्राळा गांव आतां जळगांव शहरांतच सामावलें आहे. मोकळीं रानें गेलीं. पण परसांत दोन शेळ्या बांधणारीं घरें अद्याप आहेत, आणि त्यांतील कित्येक घरांत मुलांच्या चहांत पडणारें दूध तेवढेंच आहे. त्या घरांतील शेळीचें दूध पावशेरानें वाढलें तर तें बाजारांत दिसणार नाहीं, वृत्तपत्रांत छापून येणार नाहीं. पण मुलांच्या अंगीं लागेल. आपल्यापैकीं ज्यांना शक्य असेल त्यांनीं मळ्यावर एक उत्तम दुधाळ वंशाचा बोकड ठेवावा आणि शेजारच्या गरिबाच्या शेळीला तो मोकळ्या मनानें द्यावा. गोदानाचें पुण्य आपण ऐकून आहों. याचेंहि पुण्य कमी लागणार नाहीं, असें माझें मन सांगतें.