तक्त्याखालची टीप

समग्रलक्षी अर्थशास्त्र घेऊन एम.ए. करणाऱ्या मुलामुलींशी बोलायला मला सात मिनिटं मिळाली आहेत. कार्यक्रमपत्रिकेत विषय भारदस्त दिला आहे, ‘उपयोजित अभ्यासाच्या दिशा’. दिशा पुष्कळ आहेत, पण मी आज एकच गोष्ट सांगणार आहे. तीही दोनतीनदा सांगणार, कारण रेडिओवर पान मागे उलटता येत नाही. आकड्यांचा तक्ता उतरवून घ्याल, तेव्हा त्याच्याखाली बारीक अक्षरात जी टीप असते ती आधी वाचा.

हसताय ना? लघुप्रबंध तपासायला येतात तेव्हा मलाही हसू येतं, पण वेगळ्या कारणानं. रिग्रेशन तीन-तीन तऱ्हांनी केलेलं, आलेख रंगीत, दशांशचिन्हापुढे चार घरं. आणि ‘बाळ, हा जीडीपी कुठल्या पायाभूत वर्षाचा?’ एवढं विचारलं की बाळ छताकडे बघतं.

आपल्या घरी दळण कसं जातं? धान्य पाखडून, निवडून डबा भरायचा आणि मग गिरणीत द्यायचा. गिरणीवाला फक्त ‘बारीक की जाड’ एवढंच विचारतो. डब्यात खडा आहे का, हे विचारणं त्याचं काम नाही. तुमचं सॉफ्टवेअर ही ती गिरणी. तिच्यात खडा घातलात तर तोही ती इमानेइतबारे दळून देते, आणि भाकरी कचकचली की तुम्ही गिरणीवाल्याला बोल लावता. ज्वारीचं दळण आहे की बाजरीचं, हे डब्यावर लिहायचं काम घरच्यांचं. ते लिहिलेलं असतं टिपेत.

आता 2015 चं उदाहरण घ्या. त्या जानेवारीत राष्ट्रीय उत्पन्नाचं पायाभूत वर्ष 2004-05 वरून 2011-12 वर आलं. 2013-14 या एकाच वर्षाची वाढ जुन्या मालिकेत 4.7 टक्के होती, ती नव्या मालिकेत 6.9 झाली. देश तोच, वर्ष तेच. पण मथळ्यातला आकडा पूर्वी घटक किमतींचा असायचा, तो आता बाजारभावांचा झाला. कंपन्यांचा हिशेबही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल होणाऱ्या ताळेबंदांवरून होऊ लागला. दोन्ही मालिका एकीखाली एक चिकटवून ‘2012 नंतर संरचनात्मक बदल आढळतो’ असं लिहिणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. बदल आढळणारच! वरच्या थरात ज्वारी आहे, खालच्या थरात बाजरी. मागच्या वर्षांची नवी मालिका 2018 च्या नोव्हेंबरात आली आणि तिच्यावरून जो वाद झाला तो... तो राहू दे, त्याला स्वतंत्र भाषण लागेल.

दुसरं उदाहरण मला अधिक आवडतं. ऑक्टोबर 2015 मध्ये औद्योगिक उत्पादनाचा निर्देशांक आधीच्या वर्षाच्या तुलनेत 9.8 टक्के वाढल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रांनी पाठ थोपटली. पुढच्याच महिन्याचा आकडा आला तो 3.2 टक्के घटीचा. अर्थव्यवस्था महिन्याभरात कोसळली का? बाकी कारणं होती, पण आधी पंचांग उघडा. 2014 ची दिवाळी 23 ऑक्टोबरला होती. 2015 ला अधिक आषाढ आला, म्हणून दिवाळी गेली 11 नोव्हेंबरला. कारखान्यांची सुट्टी एका महिन्यातून दुसऱ्यात सरकली. हंगामी चढउतार काढून टाकणारं जे सॉफ्टवेअर जगभर वापरतात ते अमेरिकेच्या जनगणना विभागाचं. त्याला ईस्टर ठाऊक आहे, अधिक महिना ठाऊक नाही. दिवाळीच्या तारखा तुम्हालाच हातानं भरून द्याव्या लागतात. तेव्हा अर्थमिती शिकणाऱ्यानं भिंतीवर कालनिर्णय टांगून ठेवावं, हे मी वर्गातही सांगतो. मुलांना तो विनोद वाटतो.

आणि 2020. मार्चमध्ये टाळेबंदीच्या तोंडावर बाजारात फिरून भाव टिपणं थांबलं. मग एप्रिल आणि मे महिन्यांचे ग्राहक किंमत निर्देशांक आले कुठून? ते नंतर अंदाजानं भरले गेले, आणि तसं सांगूनच प्रसिद्ध झाले. त्याच ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीनं स्पष्ट म्हटलं की धोरणापुरते हे दोन महिने मालिकेतला खंड समजता येतील. समिती त्यांना खंड समजते, आणि आमचा विद्यार्थी त्यांच्यावरून सरळ रेघ ओढत जातो! का? टीप वाचली नाही म्हणून.

मी रागावतोय असं वाटेल. थोडा रागावलोच आहे. आपल्या पुण्यात धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतर्फे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, ती घरोघर माणसं पाठवून. 1949 साली महालनोबिसांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली, तिच्यात व्ही. के. आर. व्ही. राव यांच्याबरोबर गाडगीळही होते. आकडा कुठून निघतो, कुठे गळतो, कुठे नुसता अंदाज बांधावा लागतो, हे त्या पिढीला ठाऊक होतं, कारण धान्य त्यांनीच निवडलं होतं. तुम्हाला ते पिशवीबंद मिळतं. मिळू द्या, माझी तक्रार नाही. पिशवीवरचं तरी वाचा.

समोर काचेपलीकडून खूण झाली आहे. उत्पादनाची संभाव्य पातळी गाळणी लावून काढतात, तिथे शेवटच्या काही तिमाहींचे आकडे फसवे असतात, त्याबद्दल सांगायचं होतं. असंघटित क्षेत्राचं तर नावही घेतलं नाही. निदान एवढं लिहून घ्या. जीडीपीचा पहिला अग्रिम अंदाज जानेवारीत येतो, दुसरा फेब्रुवारीत, तात्पुरता अंदाज मेअखेरीस, आणि त्यानंतरही दुरुस्त्या पुढची काही वर्षं चालूच राहतात. म्हणजे 2016 सालच्या पतधोरणाचा अभ्यास आज उतरवलेल्या आकड्यांवर केलात, तर धोरण ठरवणाऱ्यांसमोर जे आकडे नव्हतेच ते तुम्ही त्यांच्या पदरात घालता. अमेरिकेच्या बाबतीत ओर्फानिदेस यांनी 2001 च्या निबंधात हेच दाखवलं. तो मिळवून वाचा. आणि फाइल उतरवली की तिच्या नावात उतरवल्याची तारीख घाला, शिवाय टीपसुद्धा त्याच फाइलमध्ये, वेगळ्या पानावर नको, तिथेच वरच्या ओळीत...

बरं, थांबतो. नमस्कार.