विमानतळाच्या पाण्याची वाट
(सुवर्णमहोत्सवी सभेत राजघाट, बऱ्हाणपूर येथे दिलेले व्याख्यान)



धर्मादाय संस्थेच्या सोहळ्यात विमानतळाच्या गटारांवर बोलणारा मनुष्य आपणांस थोडा विक्षिप्त वाटेल. परंतु राजघाटच्या मंडळींना पूर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तापी चढू लागली की घाटाच्या किती पायऱ्या उरल्या, याकडेच साऱ्यांचे डोळे असतात. म्हणून हा विषय येथेच मांडावा असे वाटले.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्यास शंभर मिलिमीटरही झाला नाही! ९४४ मिलिमीटर म्हणजे एका हेक्टरावर सुमारे ९४ लाख लिटर पाणी. मुंबईचा विमानतळ तीस तासांहून अधिक काळ बंद राहिला. पण खरा घात झाला तो शेजारच्या कुर्ल्यासारख्या वस्त्यांचा.

असे का व्हावे? विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी मिठी नदी विमानतळाच्या धावपट्टीखालून जाते आणि माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळापाशी तिला काटकोनात वळविलेले आहे. वेगाने येणारे पाणी कोपऱ्यावर आदळते आणि मागे फुगते. त्यात भराव, आक्रमणे आणि त्या दिवशीची समुद्राची भरती. शहराची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, आणि निम्मे पाणी जमिनीत मुरेल हे गृहीत धरलेले. डांबर-काँक्रीटवर काय मुरणार? पुढे श्री. माधवराव चितळे यांच्या समितीने या साऱ्याची चिकित्सा केली.

विमानतळावर पाणी काढणे रस्त्यापेक्षा अवघड असते. धावपट्टी मध्ये किंचित उंच ठेवून दोन्ही अंगांस उतार देतात, पण तो शंभर फुटांत दीड फुटाहून अधिक देता येत नाही. धावपट्टीलगत उघडे गटार चालत नाही. विमान घसरले तर त्यात अडकेल. पाणी साठविण्यास तळे करावे, तर पक्षी येतात, आणि पक्षी हा विमानाचा वैरी. म्हणून साठवण करावयाची तर ती झाकलेली हवी, किंवा लवकर रिकामी होणारी.

नवी मुंबईचा विमानतळ सुमारे ११६० हेक्टरांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे उद्‌घाटन झाले. खाडीकाठची सखल जमीन, म्हणून डोंगर फोडून भराव घातला आणि उलवे नदीचा प्रवाह वळविला. ताशी ५० मिलिमीटर पाऊस पडला आणि थेंबही मुरला नाही, तर एवढ्या जागेवरून तासाला ५८ कोटी लिटर पाणी निघेल. तेवढ्या पाण्यास वाट हवी. भरावाने विमानतळ उंच झाला. पण उंच केलेल्या जागेचे पाणी कोठे जाते? काम चालू असताना पारगाव-डुंगीच्या रहिवाशांनी पावसाचे पाणी घरांत शिरते अशी तक्रार केली. मला विचाराल तर आराखड्यातील पहिला आकडा धावपट्टीच्या उंचीचा नसावा, शेजारच्या घराच्या उंबऱ्याचा असावा. केरळात २०१८ च्या ऑगस्टमध्ये पेरियार नदी फुगली, तेव्हा कोचीचा विमानतळ दोन आठवडे बंद होता. म्हणजे शेजाऱ्याचे पाणी आपल्या दारीही येते.

आपल्या गावातला कुंडी भंडारा पाहा. मोगलांच्या काळी, १६१५ च्या सुमारास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. ना मोट, ना यंत्र. बांधणाऱ्यांनी आधी जमिनीचा उतार पाहिला. विमानतळावरही शक्य तोवर उतारावरच भिस्त ठेवतात. भरतीच्या वेळी समुद्रच वाट अडवितो. तेव्हा मात्र झडपा लावून पंपांनी पाणी उपसावे लागते, आणि वीज गेली की पंप थांबतो. त्यासाठी डिझेलवर चालणारा दुसरा पंप लागतो, आणि मृगाच्या आधी तो एकदा चालवून पाहणारा माणूसही लागतो.