आमचं लेकरू गरीब हाय!
(प्रौढ साक्षरता वर्गात केलेले भाषण)



नांदेडहून लोहा, अहमदपूर करीत लातूरला रस्ता जातो. या रस्त्यावर मिसरूड न फुटलेली पोरं मोटारसायकल पळवतात. एका गाडीवर तिघं. बापाला विचारा. तो म्हणतो, "गुरुजी, हळूच चालवतो तो." आई म्हणते, "वयच तसलं हाय." आजी म्हणते, "दोस्त वाईट मिळाले, आमचं लेकरू गरीब हाय."

शाळेत पस्तीस वर्षं मी हीच उत्तरं ऐकली. दोस्त वाईट, असं प्रत्येक घर सांगतं. मग ते वाईट दोस्त राहतात तरी कोणाच्या घरी?

माणूस असं का बोलतो? पोर चुकलं म्हटलं, की गाडीची किल्ली कोणी दिली हा प्रश्न येतो. ते उत्तर बापाला जड जातं. आईला वेगळीच भीती. तरणं पोर, रागानं घर सोडून गेलं तर? मग मन सबब शोधून देतं. तेवढ्यापुरता आपलाच जीव शांत होतो. पोर मात्र दाराआडून सगळं ऐकत असतं.

धृतराष्ट्र आंधळा होता. पण बहिरा नव्हता. विदुर त्याला सारं सांगत होता.

१९ मे २०२४ ला, मध्यरात्रीनंतर, पुण्यात कल्याणीनगरात एका महागड्या मोटारीने मोटारसायकलला उडवलं. एक तरुण आणि एक तरुणी, दोघंही इंजिनियर, मेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा दारू पिऊन चालवत होता, असं पोलिसांनी सांगितलं. घरच्यांनी ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावलं, तपासणीचं रक्तही बदललं, असा आरोप झाला. आई, बाप आणि आजोबा, तिघांना अटक झाली. "हळूच चालवतो" या बोलण्यापासून माणूस कुठवर जातो, पाहा.

२०१९ साली मोटारीचा कायदा कडक झाला. अठरा वर्षांखालच्या पोरानं गाडीवर गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड. पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. "मला ठाऊक नव्हतं" म्हणाल, तर ते कोर्टात सिद्ध करावं लागतं.

आपल्या वर्गातली एक म्हातारी गाडीची किल्ली पदराला बांधून येते. नातू रुसला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "आज्जे, भाकर वाढ."