डोंग्याच्या काठावरचा खिळा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)



मार्कंड्याचे नाव घेतले की आपल्यासमोर महाशिवरात्रीची जत्रा उभी राहते. वैनगंगेच्या काठावरची ती सुमारे हजार वर्षांपूर्वीची मंदिरे, त्यांच्या भिंतींवरची कोरीव शिल्पे आणि तिथे उत्तरवाहिनी झालेली नदी. पण जत्रेचे चार दिवस सोडले तर वर्षभर त्या घाटावर कोण असते? असतात ते आमचे ढीवर बांधव, त्यांची जाळी आणि त्यांचे डोंगे. आणि गेली काही वर्षे त्यांच्यात एक निवृत्त विज्ञान शिक्षकही असतो. तो म्हणजे मी.

आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे, ती इतकी किरकोळ आहे की तिला आपल्याकडे धड नावही नाही. गळ टाकून बसले की काठी सतत हातात धरवत नाही. ती डोंग्याच्या काठाला अडकवून ठेवण्यासाठी एक नळी किंवा खोबण लागते. शहरातले शौकीन तिला ‘रॉड होल्डर’ म्हणतात. एवढीशी वस्तू किती टिकते, याच्यावर कुणी भाषण करील का, असे तुम्हाला वाटेल. मलाही वाटले असते. पण या एवढ्याशा वस्तूपायी मी एका गरीब माणसाचा डोंगा खराब केला. म्हणून ही गोष्ट सांगणे मला भाग आहे.

निवृत्तीनंतर मला गरी टाकण्याचा नाद लागला. सकाळी एका ढीवर बाबांच्या डोंग्यात बसायचे, ते जाळी लावायचे, मी गळ सोडायचा. कधी मरळ, कधी शिंगाळा, बहुतेक वेळा काहीच नाही. बाबा साठीच्या पुढचे. मला गुरुजी म्हणायचे, कारण त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. मी त्यांना बाबा म्हणायचो, कारण नदीच्या शाळेत ते माझे गुरुजी होते.

एका दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला. त्याने माझ्यासाठी प्लॅस्टिकचा एक छान होल्डर आणला. लाल रंगाचा, हवा तसा फिरणारा, मळसूत्राने घट्ट होणारा. डोंग्याच्या काठाच्या फळीला चार स्क्रू मारून मी तो बसवला. बाबा बघत होते. काही बोलले नाहीत.

उन्हाळा आला. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा उन्हाळा म्हणजे काय, ते मी तुम्हाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जातो आणि डोंगा दिवसभर तापलेल्या रेतीवर पडलेला असतो. लाल रंग आधी फिका पडला. मग हात लावला की बोटाला पांढरी भुकटी लागू लागली. मग बारीक चिरा दिसल्या. जून लागायच्या आत एका सकाळी काठीसकट होल्डरचे वरचे तोंड तुटून पाण्यात गेले. काठी हाती लागली, मासा गेला.

यात नवल काही नव्हते. उन्हातले अतिनील किरण प्लॅस्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या तोडतात आणि ते ठिसूळ होते. पाण्याच्या टाक्या बहुतेक काळ्या का असतात? काळ्या रंगासाठी त्यात काजळीसारखा कार्बन मिसळतात, तो हे किरण स्वतःच पिऊन टाकतो. लाल-पिवळे प्लॅस्टिक दुकानात छान दिसते, पण उन्हात काळे जास्त टिकते. हे मी पंचवीस वर्षे वर्गात शिकवले होते. खरेदीच्या वेळी, भेट म्हणून घेतानाही, ते आठवले नाही.

मग मी ठरवले, आता लोखंडच. एका वेल्डरकडून लोखंडी नळीचा तुकडा पट्टीला जोडून घेतला, रंग दिला आणि पुन्हा त्याच जागी, जरा लांब स्क्रू वापरून, काठाला ठोकला. तो मजबूत होता यात शंका नाही. दोन वर्षे हलला नाही. मी खूश होतो. पण मी बघत होतो होल्डरकडे. बघायला हवे होते फळीकडे.

इथे थोडे गणित सांगतो, कंटाळू नका. समजा काठीच्या टोकाला माशाने दोन किलोचा ओढा दिला. नळीच्या तोंडापासून टोक १८० सेंटिमीटर दूर आहे आणि काठी नळीत १५ सेंटिमीटर आत गेली आहे. म्हणजे ही एक पहार झाली. लांब बाजूला दोन किलो, आखूड बाजूला त्याच्या बारा पट. नळीच्या बुडाशी काठी २४ किलोने रेटते आणि वरच्या तोंडावर त्याहून थोडे जास्त वजन येते. हा सगळा जोर शेवटी जातो त्या चार स्क्रूंवर, आणि स्क्रू तो देतात लाकडाला. मासा हिसके देतो, सोडतो, पुन्हा हिसके देतो. प्रत्येक हिसक्याला स्क्रूचे भोक केसभर मोठे होते. नळी जितकी भक्कम, तितका लाकडाला त्रास. कमजोर प्लॅस्टिक स्वतः तुटले, त्याने निदान डोंग्याला तरी वाचवले होते.

तिसऱ्या पावसाळ्यात एक दिवस बाबांनी मला हाताने खूण करून काठाजवळ बोलावले. अंगठ्याने फळी दाबली. अंगठा आत गेला. स्क्रूंच्या भोवती लाकूड काळे पडले होते आणि भिजलेल्या भाकरीसारखे मऊ झाले होते. तिथून हातभर लांब चीर खाली गेली होती. मी गप्प उभा राहिलो. मग विचारले, “बाबा, हे तुम्हाला कधी दिसलं?”

“मागच्या सालीच दिसलं गुरुजी.”

“मग सांगितलं का नाही?”

ते हसले. “तुमी गुरुजी मानूस. तुमाले कायले सांगू? मले वाटलं, तुमाले मालूम असंन.”

श्रोतेहो, आयुष्यात मला विद्यार्थ्यांनी, मुख्याध्यापकांनी, अधिकाऱ्यांनी बरेच बोल लावले. त्यातला एकही या वाक्याइतका लागला नाही. शिकलेल्या माणसाला माहीत असेल, या एका समजुतीपायी तो माणूस वर्षभर आपला डोंगा सडताना बघत राहिला.

लाकूड का सडले, तेही सांगतो. सागवानाच्या या मुलखात डोंगा सागाचा असेल असे तुम्हाला वाटेल. आलापल्लीचा साग देशभर नावाजलेला आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेले. पण सागाची फळी ढीवराला परवडत नाही. त्याचा डोंगा आडजात लाकडाचा. एका बुंध्याचा कोरलेला डोंगा तर आता विरळाच, कारण तेवढे झाड तोडायला मिळत नाही. आडजात लाकडात सागासारखे कीड-बुरशीला दूर ठेवणारे तेल नसते. त्यात मी लोखंडी स्क्रू मारला. स्क्रूच्या भोकातून पावसाचे पाणी आत गेले आणि तिथेच साचले. लोखंड गंजले. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून त्याने लाकूड आतून फाकवले. लाकडातल्या टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन तो भाग काळा पडला. ओल मिळाल्यावर बुरशीने उरलेले काम केले.

गंमत म्हणजे डोंग्याचे बूड, जे कायम पाण्यात असते, ते ठणठणीत होते. कायम बुडालेल्या लाकडात हवा पोचत नाही, म्हणून बुरशीला वाढता येत नाही. सडतो तो काठ, जो सकाळी भिजतो आणि दुपारी वाळतो. आणि आपण सगळे खिळे मारतो ते नेमके काठावर.

फळी बदलावी लागली. मासोळीच्या ऐन दिवसांत डोंगा तीन आठवडे रेतीवर उलटा पडला. मी पैसे पुढे केले. बाबांनी फळीचे घेतले, बुडालेल्या दिवसांचे घेतले नाहीत. “तुमी का मुद्दाम केलं का?” म्हणाले. मुद्दाम केले नव्हते हे खरे, पण नुकसान मुद्दाम केलेल्याइतकेच झाले होते.

नवी फळी बसल्यावर बाबांनी स्वतःच माझ्या काठीची सोय केली. कटांग बांबूचे एक जाड, पोकळ पेर घेतले. खालची गाठ तशीच ठेवली, तीच नळीचे बूड झाली. गाठीला सळई तापवून एक छिद्र पाडले, म्हणजे पावसाचे पाणी साचायला नको. वरचे तोंड विळ्याने गोल करून घासले, काठी कापली जाऊ नये म्हणून. आणि ते पेर काठाला नव्हे, तर डोंग्यातल्या आडव्या दांड्याला जुन्या जाळ्याच्या नायलॉन दोरीने आवळून बांधले. एकही खिळा नाही, एकही भोक नाही.

मी त्यातले शास्त्र शोधू लागलो आणि जितके बघितले तितके सापडत गेले. दोरीचे वेढे जोर एका बिंदूवर न टाकता पसरवतात. फारच मोठा हिसका बसला तर दोरी थोडी सरकते, डोंगा फाटत नाही. म्हणजे सगळ्यात आधी हार मानणारी वस्तू ती असते, जी सगळ्यात स्वस्त आहे. घरातल्या विजेच्या फ्यूजचे तत्त्व हेच. मी ते आठवीला शिकवायचो.

बांबूला बाबांनी आधी तीन आठवडे नदीत दगडाखाली दाबून ठेवले होते. बांबूत पिठूळ स्टार्च असते, त्यावर भुंगे येतात आणि आतून पोखरून भुसा करतात. पाण्यात मुरवला की ते स्टार्च बरेचसे निघून जाते. बांबू पावसाळ्यानंतर, थंडीत तोडायचा ही रीतही त्याच अनुभवातून आलेली. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणाने बांबूचे आयुष्य आणखी वाढवता येते. तरीही उघड्यावरचा साधा बांबू दोन-तीन वर्षांपलीकडे जात नाही. मी बाबांना म्हणालोसुद्धा, “हे फार दिवस टिकणार नाही.”

ते म्हणाले, “नाई टिकन. पन दुसरा एका दुपारी होते. डोंगा एका दुपारी होते का?”

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला तो मोठा पूर आला, आठवत असेल. गोसेखुर्दचे दरवाजे उघडले आणि काठची गावे पाण्याखाली गेली. डोंगा वर ओढून झाडाला बांधला होता, तो वाचला. बांबूचे पेर वाहून गेले. ओसरल्यावर बाबांनी दुसरे बांधले. आज आहे ते चौथे किंवा पाचवे.

ज्यांना विकतचाच होल्डर हवा, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो. प्लॅस्टिक घेतले तर काळे घ्या आणि काम झाले की काढून सावलीत ठेवा. धातू घेतला तर गोड्या पाण्यात ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील पुरते. कोकणात, खाऱ्या पाण्यात, ३१६ जातीचे घ्या, त्यात मॉलिब्डेनम असल्याने मिठाला ते जास्त तोंड देते. अ‍ॅल्युमिनियमच्या होल्डरला स्टीलचे स्क्रू लावू नका. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकत्र आले की त्यातला एक दुसऱ्याला खातो. फायबरच्या होडीला नुसता स्क्रू नको, आरपार बोल्ट आणि मागून रुंद पट्टी हवी. होल्डरला खाली पाणी जायला भोक हवे. आणि काठीला एक दोरी बांधून ठेवा, होल्डर गेला तरी काठी जाणार नाही.

टिकाऊपणाचा विषय निघाला की मला एक जहाज आठवते. १८१७ मध्ये मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागवानाचे ‘त्रिंकोमाली’ नावाचे लढाऊ जहाज बांधले. दोनशे वर्षे उलटली, ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगते आहे. पण ते का टिकले? केवळ सागामुळे नव्हे. त्याची पुन्हापुन्हा डागडुजी झाली म्हणून. टिकणारी वस्तू म्हणजे न मोडणारी वस्तू नव्हे. मोडल्यावर कुणीतरी जिची दुरुस्ती करू शकते, ती.

शेवटचे एकच. जानेवारी २०२४ मध्ये आमच्याच चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पैलतीरी, चंद्रपूर जिल्ह्यात निघालेल्या मजूर बाया बुडाल्या. त्या दुर्घटनेचा खिळ्याशी काही संबंध नाही. पण ती बातमी ऐकली त्या रात्री मला झोप आली नाही. बाबांच्या डोंग्यातूनही अडल्यानडल्या वेळी माणसे पैलतीरी जातात. त्या सडलेल्या फळीला धरून कुणी बाई डोंग्यात चढत असती तर? मी माझ्या काठीची सोय बघत होतो. काठ कुणाकुणाच्या हाताखाली येतो, ते बघितले नव्हते.

तेव्हापासून दुसऱ्याच्या वस्तूला खिळा मारण्याआधी मी दोन प्रश्न विचारतो. हे किती टिकेल, हा पहिला. आणि याच्यामुळे दुसरे काय टिकणार नाही, हा दुसरा. दुसरा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. ज्याचा डोंगा आहे, त्याला विचारतो.