जुन्या गाडीची जाहिरात: पैसे मोजावेत का?

सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार खोंडाला गिऱ्हाईक चालत येतं. जुनी मोटार विकणाऱ्याला मात्र ते शोधावं लागतं. तालुक्यात नेमकं तेच मॉडेल हवं असणारे मोजकेच. ऑनलाइन जाहिरातीला वरची जागा मिळावी म्हणून पैसे भरायचे ते यासाठी, की पंढरपूर-मिरजेचा खरेदीदारही गाडी पाहील आणि दलालाच्या पहिल्याच आकड्याला मान डोलवावी लागणार नाही. फुकट जाहिरात असताना खर्च कशाला, हा आक्षेप रास्त आहे. आधी फुकटचीच लावावी; फोनच येत नसतील तर खिशात हात घालावा. किंमतच अवाजवी असेल, तर तोही घालू नये!

पण ही फी फक्त गिऱ्हाईक आणते, नावबदल करून देत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार, राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी नमुना २९ आणि ३० आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केलं, की गाडी पुढे कितीही हातांत गेली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी असलेलाच मालक धरला जाईल. तेव्हा पैसे मिळाले, किल्ली दिली, तरी आरसीवरचं नाव बदललं का, हे विकणाऱ्यानेच तपासायचं.