श्तान्येलच्या किल्ल्यातलं चित्रदालन

चुनखडीच्या, गुहांच्या प्रदेशाला भूगोलात ‘कार्स्ट’ म्हणतात, हे तुम्ही शाळेत शिकला असाल. तो शब्द ज्या पठाराच्या नावावरून आला, तिथे आज तुम्हाला घेऊन जायचं आहे. स्लोव्हेनियाच्या पश्चिम टोकाला, इटलीच्या सीमेला लागून हे पठार आहे. पाऊस पडतो आणि जमिनीच्या पोटात गडप होतो; वर उरतो दगड. भिंती दगडाच्या, बांध दगडाचे, जुन्या घरांवरची छपरंसुद्धा दगडी फरश्यांची. इथल्या एका टेकडीच्या उतारावर श्तान्येल गाव आहे आणि गावच्या किल्ल्यात लोय्झे स्पात्सल या चित्रकाराचं दालन.

स्पात्सल १९०७ साली जवळच्याच त्रिएस्ते बंदरात जन्मले. तेव्हा शहर ऑस्ट्रिया-हंगेरीचं होतं, पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीचं झालं. १३ जुलै १९२० रोजी फॅसिस्टांनी तिथलं ‘नारोद्नी दोम’ हे स्लोव्हेन लोकांचं सांस्कृतिक भवन जाळलं. पुढे स्लोव्हेन शाळा बंद पडल्या, माणसांची आडनावंही इटालियन करून टाकली. स्पात्सलना तर दक्षिण इटलीत स्थानबद्ध केलं गेलं. दुसऱ्या महायुद्धानंतर या मुलखावर इटली आणि युगोस्लाव्हिया दोघांनी हक्क सांगितला. १९४७ मध्ये पठाराचा मोठा भाग युगोस्लाव्हियात गेला. त्रिएस्ते मात्र १९५४ पर्यंत अधांतरी राहिलं आणि मग इटलीकडे आलं. चित्रकार सीमेच्या अलीकडे, चित्रांतली गावं पलीकडे!

त्यांनी ती गावं लाकडावर कोरली. फळी कोरायची, शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा. घरं, कुंपणं, इस्त्रिया द्वीपकल्पातली मिठागरं, सगळं मोजक्या, ठाम आकारांत. लाकडाच्या रेषाही चित्रात उमटू दिल्या. कोरलेल्या फळ्या तर रंगवून स्वतंत्र कलाकृती म्हणूनच मांडल्या. १९५८ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात मुद्राचित्रांसाठीचा सर्वोच्च पुरस्कार त्यांना मिळाला. इटालियन लोकांसाठी ते लुइजी, स्लोव्हेन लोकांसाठी लोय्झे. पठार मात्र दोघांनाही ओळखता येतं, आणि माझ्या लेखी हीच त्यांची मोठी कमाई आहे.

या दालनाची आणखी एक गोष्ट मला फार भिडते. जाळलेलं ते नारोद्नी दोम बांधलं होतं वास्तुविशारद माक्स फाबियानी यांनी. ते श्तान्येलला खेटून असलेल्या कोब्दिल्यचे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ते श्तान्येलचे नगराध्यक्ष होते. पहिल्या युद्धानं खिळखिळा केलेला हा किल्ला त्यांनी गावाच्या उपयोगासाठी पुन्हा उभा केला. दुसऱ्या युद्धात तो पुन्हा पडला. पुढे डागडुजी झाली आणि १९८८ मध्ये त्याच किल्ल्यात स्पात्सल यांची चित्रं लागली.

२००७ च्या डिसेंबरमध्ये सीमेवरची तपासणी उठली होती; २०२३ मध्ये इटलीनं आपल्या बाजूला ती तात्पुरती म्हणून पुन्हा सुरू केली. तरी त्रिएस्तेहून सहज इथे येता येतं. तुम्ही गेलात, तर आधी त्या फळ्यांपाशी थांबा. मग बाहेर येऊन गल्लीतली दगडी छपरं आणि खालची तांबडी माती बघा.